आजोबांच्या नावाचं लाइट बिल आणि आमचं ऑनलाइन दुकान

दुकान ऑनलाइन कसं केलंत, कितीला पडलं, कोणाकडून करून घेतलं, असं गेल्या वर्षभरात मला निदान पंधरा जणांनी विचारलंय. दर वेळी व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यात उत्तर देते आणि दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून आता एकदाच तारीखवार लिहून ठेवते. मी सीए नाही, कॉम्प्युटरवाली नाही, अंधेरीला एका ऑफिसात नोकरी करते आणि हे सगळं सुट्ट्या टाकून, लंच टाइममध्ये फोन करून निस्तरलंय. पण कुठे कुठे अडकलो ते पक्कं लक्षात आहे.

मुंबईत गिरगावात, ठाकूरद्वारच्या अलीकडे एका चाळीच्या तळमजल्यावर आमचा गाळा आहे, दहा बाय बाराचा, पागडीचा (म्हणजे एकदा मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेला). आजोबांनी १९५८ साली सुरू केला. मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, कुळथाचं पीठ, डांगराचं पीठ, एवढंच. आई आणि तिच्या मदतीच्या दोन बायका दहिसरला घरी भाजतात, खालच्या गिरणीत दळून आणतात, आणि बाबा सकाळच्या लोकलने लगेजच्या डब्यातून पिशव्या घेऊन चर्नी रोडला उतरतात. चाळीस वर्षं हेच.

आजोबांच्या काळात गिऱ्हाईक म्हणजे चाळीतलंच. माल न्यायचा, खतावणीत मांडायचं, पगार झाला की चुकते करायचे. बाबांच्या काळात तीच माणसं डोंबिवली, विरार, बोरिवलीला गेली आणि महिन्यातून एकदा कापडी पिशवी घेऊन यायला लागली. मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि फोन यायला लागले. नोटाबंदीनंतर गल्ल्याजवळ क्यूआर कोड लागला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर लोक कागदावर यादी लिहून तिचा फोटो पाठवायचे आणि बाबा तो फोटो मोठा करून करून वाचायचे. म्हणजे खरं सांगायचं तर दुकान अर्धंमुर्धं ऑनलाइन तेव्हाच झालं होतं, फक्त ते आमच्या लक्षात आलं नव्हतं आणि सरकारच्या तर नव्हतंच नव्हतं.

१ नोव्हेंबर २०२४, लक्ष्मीपूजन. दुकानात वहीपूजन झालं आणि फटाक्यांच्या आवाजात बाबा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पुढच्या वर्षी लहान वही आणू. एवढी पानं भरत नाहीत आता." मी काही बोलले नाही. चर्चगेटकडून येणाऱ्या गाडीत उभ्या उभ्या एका वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला मेसेज टाकला.

ही माझी पहिली चूक. उत्साहात १८ हजारांची वेबसाइट आधी करून घेतली, तीन आठवड्यांत ती तयारही झाली, फोटोबिटो मस्त, आणि मग पेमेंट गेटवेने, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीने, विचारलं की धंद्याच्या नावाचं करंट खातं कुठाय, जीएसटी नंबर कुठाय, अन्न परवाना कुठाय. आमच्याकडे होतं काय, तर बाबांचं सेव्हिंग खातं आणि दुकानाचं एक जुनं रजिस्ट्रेशन. वेबसाइट पुढचे पाच महिने नुसती उभी. त्यामुळे तुम्ही करणार असाल तर कागद आधी, वेबसाइट सगळ्यात शेवटी.

डिसेंबरमध्ये कागदांची यादी करायला बसले. गुमास्ता म्हणतो तो, दुकानाचा परवाना, सगळ्यात सोपा निघाला. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर परवाना लागत नव्हता, ऑनलाइन नुसती सूचना द्यायची, तिची पावती मिळायची. नूतनीकरणाची भानगड नाही. बाबांना ते पटेना, "शिक्का कुठाय यावर?" म्हणून तो प्रिंटआउट दोन दिवस फिरवून फिरवून बघत होते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) तर आधार आणि पॅनवर वीस मिनिटांत झाली आणि ती पूर्ण फुकट असते, हे ठळक करून सांगते, कारण गुगलवर शोधलं की वरच एक सरकारी दिसणारी साइट येते. मी तिच्यावर अर्धा फॉर्म भरला होता, शेवटी २,५०० रुपये भरा आलं तेव्हा वर बघितलं तर पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन नव्हतंच. वाचले. हे दोन कागद दाखवून करंट खातं उघडलं, त्यालाही अकरा दिवस आणि तीन फेऱ्या, कारण सही. बाबा इंग्रजीत सही करतात तेव्हा दर वेळी वेगळी होते. शेवटी मराठीत केली, ती कधीच हलत नाही.

अन्न परवान्याचं आम्हाला वाटलं होतं की आहे की आपला, भिंतीवर लावलेला. तो दुकानाच्या पत्त्याचा, आणि फक्त विक्रीचा. माल जिथे बनतो त्या जागेची नोंदणी वेगळी लागते. आमची उलाढाल वर्षाला १२ लाखांच्या आत, त्यामुळे तेव्हाच्या नियमाप्रमाणे पूर्ण लायसन्स लागलं नाही, साधं रजिस्ट्रेशन पुरलं. तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, मी पाच वर्षांचे ५०० एकदमच भरले. ६ जानेवारीला दहिसरच्या पत्त्यावर अर्ज टाकला, नवव्या दिवशी १४ आकडी नंबर आला. आईने विचारलं, "म्हणजे आता माझं स्वयंपाकघर कारखाना झालं?" झालं.

आता जीएसटी. इथे घरात खरं भांडण झालं. बाबांचं म्हणणं सरळ होतं, माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. बरोबर आहे, पण ते महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात. राज्याबाहेर एक पाकीट जरी पाठवायचं असेल तरी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आणि एकदा नंबर घेतला की गल्ल्यावरची विक्रीही त्यातच आली, मसाल्यावर ५ टक्के. म्हणजे बंगळुरूच्या एका ऑर्डरसाठी शेजारच्या मावशींच्या पाव किलो गोड्या मसाल्याचाही हिशेब द्यायचा. "तिचे पाच टक्के मी भरीन," बाबा म्हणाले, आणि अजूनही तेच करतात, दुकानातला भाव त्यांनी वाढवला नाही. कंपोझिशन स्कीम (लहान दुकानदारांसाठीची कमी कराची सोय) स्वस्त पडते असं कोणीतरी सांगेल तुम्हाला, पण तिच्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही, त्यामुळे आपल्या कामाची नाही.

१२ फेब्रुवारी २०२५ ला अर्ज केला, आधारचा ओटीपी झाला, एआरएन, म्हणजे अर्जाचा नंबर, आला. मला वाटलं झालं. १८ तारखेला विचारणा आली. धंद्याच्या जागेचा पुरावा म्हणून जोडलेलं लाइट बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांचा आणि अर्जदाराचा संबंध काय, जागा वापरायचा हक्क कशावरून?

बिल आजोबांच्या नावावर होतं. आजोबा १९९४ ला गेले. तेव्हापासून दर महिन्याला त्यांच्या नावाने बिल येत होतं आणि बाबा भरत होते, आणि ते नाव बदलावं असं आम्हाला एकदाही वाटलं नव्हतं. अधिकाऱ्यांचं काही चुकलं नाही, कोणीही विचारेल. भाडेपावतीवर तरी बाबांचं नाव असेल म्हणून मी पावत्यांचा डबा काढायला लावला. पार्ले बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात रबर लावलेले गठ्ठे. महिना ३४० रुपये भाडं आणि नावाच्या जागी आजोबांच्या नावापुढे 'यांचे वारस' असं मालकाच्या कारकुनाने कधीतरी हाताने लिहिलेलं. बाबांना ते दोन शब्द तिथे आहेत हेच माहीत नव्हतं. चष्मा पुसून परत वाचलं त्यांनी.

उत्तर द्यायला कामकाजाचे सात दिवस असतात, मध्ये शिवजयंतीची सुट्टी. त्या सात दिवसांत आजोबांचा मृत्यू दाखला, ती 'वारस'वाली पावती, घरमालकाचं संमतीपत्र आणि आत्याचं नोटरी केलेलं ना हरकत, असं सगळं जमवलं. आत्या नाशिकला. तिने एका शब्दाने विचारलं नाही, रिक्षा करून नोटरीकडे गेली आणि कुरियर केलं, पण फोनवर म्हणाली की अण्णांचं (म्हणजे आजोबांचं) नाव काढून टाकणार का बिलावरून. मी म्हटलं, नाही ग आत्या, नुसता पुरावा द्यायचाय. (नंतर काढावंच लागलं. ते तिला अजून सांगितलं नाही.) २५ फेब्रुवारीला उत्तर अपलोड केलं, ४ मार्चला नंबर आला, २७ ने सुरू होणारा. दहिसरचं घर त्यातच जादा जागा म्हणून दाखवलंय. सर्टिफिकेट दुकानात लावायचं आणि पाटीवरही नंबर लिहायचा असा नियम आहे. पेंटरने 'स्थापना १९५८' च्या खाली तो पंधरा आकड्याअक्षरांचा नंबर लिहिला तो जरा तिरका झालाय.

पागडीच्या, भावकीच्या जागेत दुकान असणाऱ्यांनी एवढंच करा, आज उठून लाइट बिल आणि भाडेपावती काढून कोणाचं नाव आहे ते बघा. बाकी सगळं नंतर.

मार्चमध्ये लेबल. हे काम मला दोन दिवसांचं वाटलं होतं, पाच आठवडे गेले, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथेच. पाकिटावर घटक लिहावे लागतात, तेही वजनाच्या उतरत्या क्रमाने. आईला विचारलं मेतकुटात काय काय किती. "दोन मापटी हरभरा डाळ, एक उडीद, तांदूळ सपाट, गहू त्याहून कमी, धणे दिसतील इतके." दिसतील इतके! मग एका रविवारी मी काटा घेऊन तिच्या शेजारी ओट्यापाशी उभी राहिले. तिने पोचा आलेलं ॲल्युमिनियमचं मापटं भरायचं, मी कढईत जायच्या आधी वजन करायचं. तिला आवडलं नाही ते, हात अडतो म्हणाली, आणि मेथी भाजताना माझ्याशी बोलण्याच्या नादात एक घाणा करपला. पण दुपारपर्यंत पहिल्यांदा आमचं मेतकूट ग्रॅममध्ये कागदावर आलं. तेव्हा कळलं की तांदूळ उडदापेक्षा जास्त जातो, तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात मैदा लिहिलेला निघाला, तोही लेबलवर टाकायला लागला. गहू तर ठळक, ॲलर्जीसाठी.

मग टिकण्याची मुदत. बाबांना विचारलं मेतकूट किती दिवसांत खराब होतं, तर म्हणाले, "खराब होत नाही. संपतं." गल्ल्यावर हे उत्तर चालतं कारण पुढच्या आठवड्यात तेच गिऱ्हाईक समोर येणार असतं. मेतकूट आणि भाजणी दोन्ही लॅबला दिली, पोषणतक्त्यासकट ७ हजार, आणि चार महिने अशी मुदत टाकली. वेबसाइटवाल्या मुलाने 'पचनासाठी गुणकारी, मधुमेहींसाठी उत्तम' वगैरे लिहिलं होतं ते सगळं काढायला लावलं. असे दावे पुराव्याशिवाय छापायचे नसतात.

लेबल छापून आली दोन हजार, ४,४०० रुपये, आणि सगळी वाया. एमआरपी होती, निव्वळ वजन होतं, हिरवा ठिपका, पॅकिंगचा महिना, तक्रारीसाठी फोन, सगळं होतं. एका ग्रॅमला किती रुपये ते नव्हतं. आता तेही लागतं, किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा भाव. २५० ग्रॅम मेतकूट १८० रुपये, म्हणजे ग्रॅमला ०.७२ रुपये. हे तीन आकडे नसल्यामुळे रद्दी. ती लेबलं उलटी करून बाबा अजून त्यावर उधारी लिहितात. वैध मापन शास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणीही करावी लागते, फी ५०० रुपये, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत. काट्याला दरवर्षी शिक्का मारून घ्यायचा हे मात्र बाबांना कोणी सांगायला नको होतं, त्यांचा काटा कायम चोख.

पण ते तोलतात चोख आणि मग वर चमचाभर टाकतात. कायमचंच. पाकिटं भरतानाही टाकायला लागले, २५० चं २६२, २६५. मी म्हटलं बाबा, हजार पाकिटांमागे बारा किलो जातील, तर म्हणाले मग जाऊ देत. शेवटी २५५ वर तडजोड झाली.

मध्येच ट्रेडमार्कचा अर्ज टाकला, उद्यम असल्यामुळे फी ४,५०० रुपये, मसाल्यांचा वर्ग ३०. अर्ज केल्यापासून नावापुढे टीएम लावता येतं, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याला वेळ लागतो, आम्ही अजून रांगेत.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीयेला साइट चालू केली. सहा दिवस काहीही नाही. सातव्या दिवशी ऑर्डर आली, आत्याची. तिला मीच सांगितलं होतं. खरी पहिली ऑर्डर ११ मेला बंगळुरूहून, तीन पाकिटं. मी खोकं घेतलं ३० बाय २० बाय १५ चं, दिसायला छान म्हणून. वजन पाऊण किलो, आणि कुरियरचे पैसे कापले गेले दोन किलोच्या पट्टीने. कारण ते लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५,००० असं करतात आणि जे जास्त येईल ते धरतात. ९,००० भागिले ५,०००, १.८ किलो. म्हणजे मी हवा पाठवली बंगळुरूला. वर एक पाकीट आत फुटलं, ग्राहकाने फोटो पाठवला तर खोकंभर पिवळं. त्यांनी लिहिलं होतं, वास घरभर सुटलाय पण खायला काही उरलं नाही. नवीन पाठवलं, सीलिंग मशीन दुसरं घेतलं, २,२०० रुपये. खोकी आता पाकिटाच्या मापाची.

कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला ठेवली होती. १४ पार्सलं गेली, ५ परत आली. जाण्याचे पैसे आपले, येण्याचेही आपले, आणि परत आलेलं खायचं विकता येत नाही. बंद केली. बाबांना याचं फार वाईट वाटलं. आजोबांच्या खतावणीत बुडीत उधारी होती, पण त्यात सगळी नावं माहितीतली होती आणि कोणाकडे लग्न निघालं की आपसूक वसूल व्हायची, असं ते म्हणतात.

जून-जुलैत एका मोठ्या मार्केटप्लेसवरही, म्हणजे अनेकांचा माल विकणाऱ्या साइटवर, माल लावून पाहिला. गिऱ्हाईक तिथे आयतं मिळतं हे खरंय, ४१ ऑर्डरी आल्या. पण कमिशन, क्लोजिंग फी (दर विक्रीमागची त्यांची ठरावीक फी), शिपिंग, जाहिरात, शिवाय ते जीएसटीपोटी अर्धा टक्का आणि इन्कम टॅक्सपोटी ०.१ टक्का कापून ठेवतात, (हे दोन्ही आपल्या खात्यात जमा दिसतात, बुडत नाहीत, पण पैसा अडकतो), सगळं वजा जाता हातात इतकं कमी राहायला लागलं की १८० चं पाकीट तिथे २४० ला लावलं, मग ते कोणी घेईना. आणि मुख्य म्हणजे घेतलं कोणी ते आपल्याला कळत नाही. फोन नंबर येत नाही. बाबांचा सगळा धंदा नंबरांवर. आम्ही निघालो तिथून. तुमचा माल वेगळा असेल तर तुमचा हिशेब वेगळा येईल, पण लावायच्या आधी एका पाकिटाचा हिशेब कागदावर मांडा.

आमच्या साइटवरचा असा आहे: ४३० रुपयांची ऑर्डर, त्यातून गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्या दोन टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दहा रुपये, कुरियर ७० च्या आसपास, खोकं-टेप-लेबल १६. जुलैपासून ६०० च्या खाली कुरियर वेगळं लावतो, तेव्हापासून लोक सरळ तीनऐवजी चार पाकिटं घेतात. जीएसटीचं रिटर्न तिमाही ठेवलंय, आणि विक्री शून्य असली तरी भरावं लागतं, नाहीतर दिवसाला २० रुपये दंड. सुरुवातीपासून आजवरचा सगळा खर्च, वाया गेलेली लेबलं आणि सीएंचे ६ हजार धरून, साधारण ६२ हजार झाला. त्यात माझ्या एकोणीस सुट्ट्या नाहीत.

बाबांनी मात्र यात त्यांची एक वाट काढली. ऑर्डर आली की ते फोन करतात. सगळ्यांना. "चकलीची भाजणी दोन किलो मागवलीत, किती जण आहात घरात? एक किलो न्या आधी. मोहन कडकडीत घाला, आणि पीठ मळून फार वेळ ठेवू नका." मी म्हटलं बाबा लोक घाबरतात अनोळखी फोनला, आणि एक-दोघांनी कटही केला, पण बाकीचे दहा-दहा मिनिटं बोलतात. हैदराबादच्या एक बाई आता ऑर्डर साइटवर न टाकता थेट बाबांना फोन करतात आणि बाबा ती एका रद्दी लेबलच्या मागे लिहून मला फोटो पाठवतात, मग मी ती साइटवर चढवते.

गणपतीत बऱ्यापैकी झालं, दिवाळीत जास्त. ऑक्टोबरात २१२ ऑर्डरी. गल्ल्यावरच्या विक्रीच्या निम्म्यापर्यंतही अजून गेलेलं नाही, आणि ९ ऑक्टोबरला गिरगावचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून जुनी गिऱ्हाइकं 'मेट्रो बघायला आलो होतो' म्हणत दुकानात डोकावतायत, त्याचा हिशेब कशात धरायचा माहीत नाही.

२१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. बाबांनी वही नेहमीच्याच मापाची आणली होती. पूजेच्या आधी मला म्हणाले, तुझ्या त्या कॉम्प्युटरवरच्या विक्रीचा कागद दे, वहीत ठेवतो. दुकानात प्रिंटर एकच, पार्सलच्या लेबलांचा, त्यामुळे महिन्याची सगळी विक्री त्या पोस्टकार्डाएवढ्या चिकटपट्टीच्या लेबलवर बारीक अक्षरात काढून दिली. बाबांनी मागचा कागद सोलला, वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' च्या खाली ते लेबल नीट दाबून चिकटवलं आणि त्यावर हळद-कुंकू वाहिलं. थर्मलची छपाई पाच-सहा महिन्यांत उडून जाते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.